लॉग ठेवला, पण किल्ली कोणाकडे?

एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, निर्देश काढले. सेवा कंपन्या, डेटा सेंटर, कॉर्पोरेट आणि सरकारी संस्था, सगळ्यांनी आपापल्या संगणक यंत्रणांचे लॉग, म्हणजे यंत्रात कोणी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, चालू ठेवायचे आणि मागच्या १८० दिवसांचे लॉग कायम हाताशी ठेवायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम आले. त्यांनी वैयक्तिक माहितीच्या हाताळणीच्या लॉगसाठी एक वर्षाची मुदत घातली. तेव्हापासून या विषयावर चार जाणकार बोलायला बसले की दोनच सूर ऐकू येतात. एकांचं म्हणणं, घुसखोरी उघडकीला यायलाच कित्येक महिने जातात, तेव्हा जितके जास्त दिवस तितकं बरं. दुसऱ्यांचं म्हणणं, एवढ्या नोंदी साठवणं म्हणजे माणसांवर पाळत. ग्राहकांची माहिती पाच-पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर काही व्हीपीएन (इंटरनेटवरची ओळख झाकणारी सेवा) कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले, तेही याच भांडणातून. मध्येच कोणीतरी डिस्कचा खर्च काढतो आणि चर्चा संपते.

मला हा वाद चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. लॉग किती दिवस ठेवायचा हे ठरवण्याआधी तो कोण वाचू शकतो, त्यात कोण लिहू शकतो आणि तो कोण पुसू शकतो, हे ठरलं पाहिजे. ते ठरलेलं नसेल तर १८० दिवस काय आणि वर्ष काय? आत शिरलेल्या कोणालाही वाचता येणारा लॉग जितका जुना तितकी गळती मोठी, आणि आत शिरलेल्या कोणालाही खोडता येणारा लॉग पुरावा म्हणून पहिल्या दिवशीही उपयोगाचा नाही. म्हणून लॉग लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये परवानगीची त्रुटी सापडली की ती पहिल्या दर्जाची त्रुटी मानली पाहिजे. आज तसं होत नाही. आज ती ‘स्थानिक’, ‘कमी तीव्रतेची’ अशा शेऱ्यासह यादीच्या तळाशी जाते आणि पुढच्या देखभालीपर्यंत तिथेच राहते. सर्ट-इनच्या निर्देशांत या सगळ्या प्रश्नासाठी लॉग ‘सुरक्षितपणे’ ठेवा एवढा एकच शब्द आहे. डेटा संरक्षणाचे नियम याहून बरे, त्यात प्रवेशावर नियंत्रण हवं असं वेगळं म्हटलं आहे. पण तो प्रवेश एकूण संगणक यंत्रणांचा. वैयक्तिक माहिती कोणी उघडली हे सांगणाऱ्या लॉगला कुलूप कोणाचं, हा प्रश्न तिथेही पुढे आलेला नाही.

हे दुर्लक्ष आजचं नाही. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रामच्या सोबतीला लॉग ठेवणारा सिसलॉग लिहिला. तो सोयीचा होता, म्हणून युनिक्स या कार्यप्रणालीच्या जगभर पसरला. २००१ मध्ये त्याचं पहिलं लेखी वर्णन प्रसिद्ध झालं, तेही ‘व्यवहारात असं चालत आलं आहे’ अशा स्वरूपाचं. त्या पद्धतीत एका यंत्राने दुसऱ्याला लॉग पाठवायचा तो यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जवळजवळ पोस्टकार्डासारखा: पाठवणाऱ्याची खात्री नाही, वाटेत कोणी वाचलं तर कळणार नाही, पोचलं नाही तर पत्ता लागणार नाही. विद्यापीठातल्या एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांसाठी ते पुरेसं होतं. पुढे त्याच पद्धतीवर बँका आल्या, दवाखाने आले, सरकारं आली.

या दुर्लक्षाचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण २०११ चं आहे. सिसलॉग-एनजी हे जगभर वापरलं जाणारं लॉगचं सॉफ्टवेअर. नवी लॉग फाइल तयार करताना तिला कोणती परवानगी द्यायची हे प्रशासकाने सांगितलं असेल तर ती द्यायची, सांगितलं नसेल तर हात लावायचा नाही, असा त्याचा हिशेब. ‘सांगितलेलं नाही’ याची खूण म्हणून प्रोग्राम त्या जागी उणे एक हा आकडा ठेवायचा. लिनक्सवर हे नीट चालायचं. फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या कार्यप्रणालीवर मात्र परवानगीचा आकडा १६ बिटांत बसवतात आणि त्याला ऋण चिन्ह नसतं. तिथे उणे एकाचे झाले ६५५३५. प्रोग्रामने तपासलं, हा उणे एक आहे का? नाही. म्हणजे ही प्रशासकानेच दिलेली परवानगी असणार. ६५५३५ मधला प्रत्येक बिट चालू असतो, त्यामुळे फाइलवर परवानगी चढली ०७७७७. मालकाला, गटाला आणि बाकी सगळ्या जगाला वाचणं, लिहिणं, चालवणं मोकळं, आणि वरचे तीन विशेष बिटही चालू. त्याच घराण्यातल्या एचपी-यूएक्सवरही हेच घडत होतं. ‘मला काही सांगितलेलं नाही’ याचा अर्थ यंत्राने ‘सगळ्यांना सगळं उघडं’ असा लावला.

या त्रुटीत कोणाचा वाईट हेतू नाही. कोणी मागचं दार ठेवलं नव्हतं, कोणी आळसही केला नव्हता. एका आकड्याचं एका मापातून दुसऱ्या मापात रूपांतर करताना चूक झाली, इतकंच. आणि म्हणूनच ती मला अस्वस्थ करते. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ती एक परवानगी स्वतः लिहून दिली नसेल तर बाकी सगळी खबरदारी घेऊनही त्याच्या डोळ्यांसमोर नोंदवही उघडी पडली असती, कारण नोंदवही ठेवणाऱ्यानेच ती उघडी ठेवली होती. २०१५ मध्ये आरसिसलॉग या दुसऱ्या लॉग-सॉफ्टवेअरच्या बाबतीत नोंद झाली की ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचा लॉग सामान्य वापरकर्त्यांना वाचता येईल इतक्या सैल परवानगीने तयार होतो. रात्री कोणतं काम किती वाजता कोणाच्या नावाने चालतं, ते त्या लॉगमध्ये असतं, आणि कमांडच्या ओळीतच पासवर्ड लिहायची खोड असलेल्या माणसाचा पासवर्डही असतो. २०१६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीतल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या पॅकेजमध्ये लॉगच्या फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या साध्या खात्याकडे दिलेली आढळली. त्या खात्यात शिरलेल्या माणसाने लॉग फाइल काढून तिच्या जागी दुसऱ्याच फाइलकडे जाणारा दुवा ठेवायचा आणि वाट पाहायची. तेव्हाच्या डेबियनमध्ये रोजची आवराआवर सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी सुरू व्हायची. त्या वेळी लॉग पालटले जायचे, रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, अधिकाराने चालणारा प्रोग्राम नव्याने लॉग उघडायचा, आणि त्या दुव्याच्या आधाराने शिरलेला माणूस रूट व्हायचा. ज्या खात्याच्या कामांची नोंद ठेवायची, त्याच खात्याच्या ताब्यात नोंदवहीचं कपाट दिलं होतं.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं, आणि त्यात तथ्य आहे: या सगळ्यासाठी हल्लेखोर आधी आत असावा लागतो. बाहेरून, इंटरनेटवरून, कोणालाही रूट करणारी त्रुटी आधी बुजवायची की ही? हात दोनच, रात्र एकच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या लॉगच्याच लायब्ररीत जी त्रुटी निघाली, तिच्यात लांबून पाठवलेल्या एका ओळीने सर्व्हर ताब्यात जात होता. त्या आठवड्यात कोणी फाइलच्या परवानग्या तपासत बसला असता तर मीच त्याला थांबवलं असतं. तीव्रतेची क्रमवारी लागतेच.

पण ‘आत’ म्हणजे नेमकं काय, हे विचारायला हवं. ऑगस्ट १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली. एक खातं असं निघालं की ज्याला बिल पाठवायचा पत्ताच नव्हता. मागोवा घेत गेल्यावर जर्मनीतल्या हॅनोव्हरचा मार्कुस हेस सापडला, जो अमेरिकी लष्करी संगणक धुंडाळून माहिती सोव्हिएत गुप्तहेरांना विकणाऱ्या टोळीत होता. तो आत कसा आला? एका साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून. आणि सर्वाधिकारी कसा झाला? ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामला नको तितकी परवानगी दिलेली होती म्हणून. आजच्या भाषेत ती ‘स्थानिक’ त्रुटी. घुसखोरी अशीच चालते: आधी एक क्षुल्लक खातं, मग एक क्षुल्लक परवानगी. दोन क्षुल्लक गोष्टींची बेरीज क्षुल्लक राहत नाही, आणि आपली गुण देण्याची पद्धत मात्र प्रत्येकीला सुटं मोजते.

स्टोलने पुढे जे केलं ते लॉगच्या कोणत्याही चर्चेत आधी सांगावं असं आहे. त्याने संगणकावरच्या लॉगवर विश्वास ठेवला नाही. एका शनिवार-रविवारी त्याने प्रयोगशाळेतले टेलिटाइप आणि प्रिंटर गोळा केले आणि बाहेरून येणाऱ्या सुमारे ५० लाइनींना जोडले. घुसखोर जे टाइप करील ते थेट कागदावर. संगणकाच्या आत कितीही अधिकार मिळवला तरी त्या कागदापर्यंत त्याचा हात पोचणार नव्हता. लिहिता येतं पण खोडता येत नाही, अशी ती नोंदवही होती.

आता तीस वर्षं पुढे या. फेब्रुवारी २०१६, ढाका. बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ९५ कोटी डॉलरपर्यंत रकमेच्या बनावट मागण्या गेल्या आणि त्यातले ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समध्ये पोचून गायब झाले. चोरांच्या प्रोग्रामने पैसे हलवण्याइतकंच लक्ष दुसऱ्या एका कामावर दिलं होतं. स्विफ्ट या बँकांमधल्या निरोप-जाळ्याच्या यंत्रणेतल्या व्यवहारांच्या नोंदी डेटाबेसमधून काढून टाकायच्या, आणि प्रत्येक व्यवहाराची कागदावर पावती छापणारा प्रिंटर गप्प करायचा. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कर्मचारी आले तेव्हा प्रिंटर चालत नव्हता आणि तो बिघडला असेल असं वाटून वेळ गेला. चोरांना जे कळलं होतं ते आपल्याला का कळू नये? त्यांनी लॉगला पहिल्या दर्जाचं लक्ष्य मानलं. आपण त्याच्या परवानगीला ‘कमी तीव्रता’ म्हणतो.

दुसरा प्रतिवाद सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून येतो. लॉगमध्ये गुपित काही लिहूच नका, म्हणजे तो कोणी वाचला तरी बिघडत नाही. तत्त्व म्हणून हे शंभर टक्के मान्य, ते पाळलंच पाहिजे. पण ते पाळण्याची ऐपत असलेल्यांनाही ते पाळता आलेलं नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने कबूल केलं की पासवर्ड सांकेतिक रूपात बदलण्याआधीच ते आतल्या लॉगमध्ये उतरत होते, आणि आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सुचवलं. मार्च २०१९ मध्ये फेसबुकची पाळी आली. कोट्यवधी लोकांचे पासवर्ड आतल्या साठ्यात उघड्या अक्षरांत पडून होते, त्यातले काही २०१२ पासूनचे, आणि २०,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना ते शोधून पाहता येण्याजोगे होते. त्यासाठी आयर्लंडच्या नियामकाने सप्टेंबर २०२४ मध्ये मेटाला ९.१ कोटी युरो दंड केला. हे लॉग कोणी बाहेरच्याने फोडले नव्हते. ‘आतल्या’ माणसांची संख्याच वीस हजार होती.

शिवाय काही गुपितं प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातातली नसतातच. माझ्याच कामातली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचा सर्व्हर पाहायला गेलो होतो. तक्रार साधी होती, डिस्क भरली होती. लॉगचं फोल्डर उघडलं तर आतल्या प्रत्येक फाइलपुढे तीच नऊ अक्षरं: सगळ्यांना सगळं मोकळं. विचारल्यावर कळलं, त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला लॉग लिहिता येत नव्हता, ‘परमिशन डिनाइड’ येत होतं, तेव्हा बसवायला आलेल्या मुलाने अख्ख्या फोल्डरवर ‘सातसातसात’ मारलं आणि चूक गेली. हे आपल्याकडे किती सर्व्हरवर होतं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सातसातसात मारून टाक, नंतर बघू. ते नंतर कधी येत नाही.

मग मी लॉगिनच्या नोंदींची फाइल उघडली. सकाळी ९ वाजून ५२ मिनिटांची एक ओळ होती: या नावाचा वापरकर्ता अस्तित्वात नाही. पण तिथे जे ‘नाव’ म्हणून आलं होतं ते नाव नव्हतंच. एका लहान मुलाचं लाडाचं नाव, मग अ‍ॅटचं चिन्ह, मग एक साल. चार सेकंदांनी, त्याच यंत्रावरून, काउंटरवरच्या बाईंचं व्यवस्थित लॉगिन झालेलं. गर्दीच्या वेळी घाईघाईत त्यांनी पासवर्ड नावाच्या चौकटीत टाइप केला होता. यंत्राने इमानदारीने लिहून ठेवलं. पुढच्याच ओळीत ती व्यक्ती कोण तेही लिहून ठेवलं. दीड वर्षाच्या फाइलींत अशा नोंदी मी मोजल्या तेव्हा पाच वेगवेगळ्या लोकांच्या निघाल्या. कोणत्या प्रोग्रामरला दोष द्याल? अयशस्वी लॉगिनमध्ये वापरलेलं नाव लिहिलंच पाहिजे, नाहीतर कोणी अंदाजाने नावं टाकून पाहत असेल तर कळणार कसं? लॉगमध्ये माणसांच्या चुका येणार, आणि माणसं चुकतात तेव्हाच त्यांची गुपितं बाहेर पडतात. म्हणून फाइलीचं दार बंद ठेवण्याला पर्याय नाही.

रात्री दोन वाजता फोन येणाऱ्यांची बाजू मला सगळ्यात जवळची आहे, कारण तो फोन मीही घेतला आहे. सेवा बंद पडली आहे, दोष शोधायचा आहे, आणि लॉग पाहायला परवानगी मागावी लागते ती झोपलेल्या माणसाची. कडक नियम केले की लोक पळवाटा काढतात. रूटचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, आणि आधी होती त्यापेक्षा परिस्थिती वाईट होते. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, लॉग सामान्य वापरकर्त्याला दाखवू नये अशी कळ २०११ च्या सुरुवातीला आलेल्या २.६.३७ आवृत्तीत मिळाली, कारण त्या लॉगमधून कर्नलच्या मेमरीतले पत्ते कळत आणि हल्लेखोराचं काम सोपं होई. पण उबंटू या लोकप्रिय लिनक्स आवृत्तीला ती कळ डिफॉल्ट म्हणून दाबायला २०२० उजाडलं. मधली वर्षं आळसात गेली असं मी म्हणणार नाही. यूएसबी का चालत नाही हे पाहण्यासाठी तो लॉग रोज वाचणारी हजारो साधी माणसं होती, त्यांची अडचण खरी होती.

पण उबंटूने शेवटी केलं काय ते पाहा. लॉग कुलूपबंद करून किल्ली फेकून दिली नाही. प्रशासनाच्या गटातल्या माणसाला तो वाचता येतो, बाकीच्यांना नाही. वाचणाऱ्यांचा गट वेगळा, लिहिणारा वेगळा, पालटणारा वेगळा, ही सोय युनिक्समध्ये पन्नास वर्षं पडून आहे. रात्री दोन वाजता लागणारी वाचनाची परवानगी आधीच देऊन ठेवता येते. वाचलं की त्याची नोंद व्हावी, आणि ती नोंद दुसऱ्या यंत्रावर जावी, अशी व्यवस्थाही करता येते. यात दोष शोधणाऱ्याचा एक मिनिटही जात नाही. सातसातसात मारणाऱ्या मुलाला पाच मिनिटं कमी होती, हे मला मान्य आहे. पण त्याला योग्य गट कोणता हे शिकवायला कोणी पाच मिनिटं दिली होती का?

सगळ्यात बळकट आक्षेप मात्र तंत्रज्ञांचा नाही, नागरिकांचा आहे. लॉगला कुलूप लावा म्हणता, मग ते कुलूप कोणाच्या बाजूने लागेल? सत्ता ज्याच्याकडे, लॉग त्याच्याकडे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण यासाठी पुरेसं आहे. १९९९ मध्ये होरायझन नावाची हिशेबाची यंत्रणा शाखाशाखांत बसली. तिच्यात तूट दिसली म्हणून पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ९०० हून अधिक उपडाकपालांना चोरी आणि अफरातफरीसाठी दोषी ठरवलं गेलं. माणसं तुरुंगात गेली, घरं गेली, काहींनी जीव दिला. ‘तुमच्या शाखेचा हिशेब तुमच्याशिवाय कोणी बदलू शकत नाही’ असं त्यांना सांगण्यात येत होतं. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला तेव्हा स्पष्ट झालं की यंत्रणा सांभाळणाऱ्या फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना शाखेच्या हिशेबात लांबून, डाकपालाच्या नकळत, बदल करता येत होता. ज्यांच्यावर आरोप होते त्यांना सविस्तर नोंदी हाती मिळत नव्हत्या. लॉग बंद ठेवल्याने अन्याय झाला, असा यातून निष्कर्ष कोणी काढला तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

मात्र त्या प्रकरणात नेमकं काय बंद होतं आणि काय उघडं? ज्याच्या नावाची नोंद, त्याला वाचायला बंद. ज्याचा त्या शाखेशी संबंध नाही, त्याला लिहायला उघडं. माझ्या दृष्टीने परवानगीची त्रुटी याहून स्पष्ट असू शकत नाही. प्रवेश नियंत्रण म्हणजे लपवणं नाही. वाचण्याचा हक्क, लिहिण्याचा हक्क आणि बदलण्याचा हक्क वेगवेगळ्या हातांत ठेवणं हे त्याचं काम. आपल्या सातबाराचंच पाहा. तो कोणालाही पाहता येतो, कोणाचीही जमीन असो. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार त्यातला बदल आधी फेरफार नोंदवहीत येतो, तलाठी तो लिहितो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते, आणि मंजुरी देतो तो मंडळ अधिकारी. लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा, वाचणारा गाव. या व्यवस्थेत गैरव्यवहार होतात हे कोणाला सांगायला नको. पण होतात तेव्हा ते कुठे झाले हे दाखवता येतं, कारण जुनी नोंद कंस करून जागेवर असते. पूर्ण उघडेपणा आणि कडक नियंत्रण एकाच कागदावर नांदू शकतात, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे.

आधारच्या बाबतीतही हे अर्धं साधलं आहे. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओळख पडताळणीच्या नोंदी पाच वर्षं ठेवण्याची तरतूद रद्द करून मर्यादा सहा महिन्यांवर आणली. सगळ्यांनी लक्षात ठेवला तो सहा महिन्यांचा आकडा. मला त्याहून मोलाची वाटते ती साधी सोय, की आपलं आधार कुठे आणि कधी वापरलं गेलं याचा अलीकडचा इतिहास आपल्याला स्वतः पाहता येतो. ज्याची नोंद, त्याला वाचनाची परवानगी. मुदतीच्या वादात हा मुद्दा कोणी ठळक केला नाही.

शेवटी उरतं ते रूटचं दुखणं. कितीही परवानग्या लावा, रूट झालेला माणूस सगळं करू शकतो, मग ही धडपड कशाला? लेनार्ट पोटरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये लिनक्ससाठी ‘जर्नल’ ही लॉग ठेवण्याची नवी पद्धत मांडली तेव्हा त्यांनी ताजं उदाहरण दिलं होतं ते कर्नलच्या स्वतःच्या सर्व्हरवर त्याच वर्षी झालेल्या घुसखोरीचं, ज्यात लॉगशी केलेली छेडछाड केवळ योगायोगाने लक्षात आली. जर्नलने एक गोष्ट चांगली केली. नोंद कोणत्या प्रोसेसने, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने पाठवली ही माहिती पाठवणाऱ्याकडून न घेता कर्नलकडून घेतली, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने लिहिणं बंद झालं. पुढे त्यात ठराविक वेळाने नोंदींवर मोहोर उठवायची सोय आली, मागची पानं फाडली तर तपासणीत दिसावं म्हणून. २०२३ मध्ये या मोहोरेबाबत तीन त्रुटी नोंदवल्या गेल्या: मोहोरबंद लॉग अशा रीतीने बदलता येतो की तपासणीला चूक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या नोंदींतच लिहिलेलं आहे की निर्मात्यांनी यातल्या एकालाही सुरक्षेची त्रुटी मानायला नकार दिला. कोण बरोबर, हा वाद कोडच्या पातळीवर करता येईल. पण मोहोर खोटी ठरू शकते असा आरोप ‘ही त्रुटीच नाही’ एवढ्यावर मिटतो, हे मला पटत नाही. मोहोर असते कशासाठी? कोणीतरी सर्वाधिकारी होईल त्या दिवसासाठीच.

आणि सर्वाधिकाऱ्यापुढे इलाज नाही हेही खरं नाही. लॉग तत्काळ दुसऱ्या यंत्रावर पाठवा, आणि त्या यंत्राचा रूट वेगळ्या माणसाकडे, शक्य तर वेगळ्या खात्याकडे असू द्या. स्टोलचे प्रिंटर हेच करत होते. आपल्याच कायद्याने एका क्षेत्रात हा प्रश्न नीट विचारला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, बंद न करता येणारी सोय सक्तीची झाली, आणि ती वर्षभर चालू होती का, तिच्यात ढवळाढवळ झाली का, हे लेखापरीक्षकाने लिहायचं आहे. या प्रश्नाने काय बाहेर काढलं? २०२३-२४ च्या अनेक कंपन्यांच्या अहवालांत जवळपास एकाच धाटणीचं वाक्य आहे: विशिष्ट अधिकार वापरून थेट डेटाबेसमध्ये केलेल्या बदलांसाठी ही नोंद चालू नव्हती. समोरच्या दाराला रखवालदार होता, मागच्या दाराला नव्हता, आणि विचारेपर्यंत ते कोणी लिहिलं नव्हतं. सर्ट-इनच्या निर्देशांत आणि डेटा संरक्षणाच्या नियमांत दिवसांच्या आकड्याशेजारी हाच प्रश्न यायला हवा: या लॉगला वाचण्याची, लिहिण्याची, पुसण्याची परवानगी कोणाकोणाला आहे, त्यांची नावं द्या, आणि ती परवानगी गेल्या वर्षात कोणी वापरली ते दाखवा.

पतसंस्थेत त्या दिवशी मी परवानग्या दुरुस्त केल्या आणि पाचही जणांना पासवर्ड बदलायला सांगितलं. काउंटरवरच्या बाईंना बाजूला बोलावून ती ओळ दाखवली. नातवाचं नाव पडद्यावर पाहून त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. तोच पासवर्ड त्यांच्या स्वतःच्या बचत खात्यालाही होता. मग त्यांनी विचारलं, “सर, हे तुमच्या आधी कोणी वाचलंय का?” त्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलांची चार खाती होती, त्यातली दोन नोकरी सोडून गेलेल्यांची. फाइल दीड वर्ष उघडी होती. ती कोणी उघडून पाहिली याची नोंद कुठेच ठेवलेली नव्हती, आणि मी त्यांना तेच सांगितलं.